पासलीच्या कागदबाबाची बातमी

पासलीच्या देवळापुढं त्या रविवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. नसरापूरहून, आंबवड्याहून माणसं वेल्ह्यापर्यंत एस्टीनं आणि पुढं पायी आली होती. मधोमध चौरंगावर कागदबाबा बसले होते, पुढ्यात नितळ पाण्यानं भरलेली काशाची थाळी. शिष्य गेनू गळा फाडून ओरडत होता, "बाबांची कीर्ती पेपरात आलीया! छापून! खोटं आसतं तर सरकारनं छापू दिलं आसतं का?"

गर्दीनं नाही, नाही अशा माना हलवल्या. मागं उभ्या असलेल्या आनंदरावांनी मात्र मान खाली घातली, कारण तो पेपर त्यांचाच होता.

आनंदराव भोरला 'वेळवंडी समाचार' नावाचं चार पानी साप्ताहिक काढत. तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या पानावर चार बोटं जागा मोकळी राहिली. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवणारे इब्राहीमभाई खोळंबून बसले होते. टेबलावर कुणा भक्ताचं पोस्टकार्ड पडलं होतं: पासलीचे महाराज क्षय ओढून काढतात. आनंदरावांनी ना पासली पाहिली होती, ना महाराज. पण जागा बरोबर भरत होती. बातमी गेली. अंक हातोहात संपला, तर या बहाद्दरानं तो दुसऱ्यांदा छापला आणि आठवडाभर मिशीला पीळ दिला.

तो पीळ उतरवला सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी. "तुमचा कोंडिबा पंधरा दिवस इंजेक्शनला आलेला नाही. औषध मध्येच सोडलं तर माणूस हातचा जाईल. कारण त्यालाच विचारा."

कोंडिबा म्हणजे आनंदरावांच्या छापखान्यात यंत्र फिरवणारा गडी. तो खोकत खोकत म्हणाला, "आता सुई कशाला, मालक? बाबांनी आर्धा रोग वढलाय. आन् बातमी तर म्या माज्या हातानं छापली. माजंच छापल्यालं म्या खोटं मानू?"

म्हणून आज आनंदराव इब्राहीमभाईंना घेऊन कोंडिबाबरोबर इथवर आले होते. जे छापण्याआधी बघायचं, ते आता बघायला.

बाबांनी एका म्हाताऱ्याच्या छातीवरून पेपरातल्या त्याच बातमीचं कात्रण फिरवलं. "हाडातलं मांसात ये! मांसातलं कातड्यात ये! कातड्यातलं कागदात ये!" कात्रण थाळीत बुडलं आणि पाणी लालभडक झालं. बायाबापड्यांचे हात जोडले गेले.

इब्राहीमभाई मात्र पाण्याकडं बघतच नव्हते. तीस वर्षं छापखान्यात घालवलेला तो माणूस बाबांच्या हातातल्या कात्रणांच्या गठ्ठ्याकडं बघत होता.

"आनंदराव, कागद पिवळा आहे."

"पेपर पिवळा पडतोच की."

"पडतो, पण कडेनं, आणि महिनोन् महिने गेल्यावर. आपला अंक तीन आठवड्यांचा. हा तर हळद लागलेल्या नवरदेवासारखा सगळीकडनं सारखा पिवळा आहे!"

आनंदरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पिशवीतून तोच अंक काढून ते पुढं घुसले. "बाबा, आमच्या कोंडिबाचा उरलेला रोग या अंकानं ओढा."

"त्यो मंतरल्याला न्हाई," बाबा गुरगुरले.

"पण छापलेला आहे ना? तुमचा शिष्य तर छापण्याचाच महिमा सांगतोय."

"व्हय, व्हय, बघू की!" गर्दी ओरडली.

थाळी धुतली, बाबांच्याच घागरीतलं पाणी ओतलं. आनंदरावांनी अंक कोंडिबाच्या छातीवरून फिरवून बुडवला. पाणी जसंच्या तसं. मग त्यांनी बाबांच्या गठ्ठ्यातलं पिवळं कात्रण उचललं आणि कुणालाही न लावता थाळीत टाकलं. पाणी लालभडक!

"आँ?" कोंडिबानं आ वासला. "ह्यो कागद तर कुनालाच लावला न्हाई. मग ह्यो क्षय कुनाचा?"

"बाबांचाच दिसतोय!" कुणीतरी म्हणालं आणि सगळं देऊळ हसलं.

पुढं बसलेल्या, गावातल्याच म्हाताऱ्या साळूबाईंनी पाण्यात बोट बुडवून चोळलं. "कसला क्षय न् कसलं काय. कागदाला हळद हाय, घागरीत चुन्याची निवळी. दोन्ही भेटलं की लाल व्हतं. कुंकू आसंच तर करत्यात."

बाबा चपला शोधू लागले. गेनू तोवर अनवाणीच बांध ओलांडून गेला होता.

आनंदराव खुशीत म्हणाले, "आजी, मग इतके दिवस गप का बसलात?"

"वळखलं व्हतं पयल्याच दिशी. पर पेपरात आलं नव्हं. म्हनलं, शिकल्याली मान्सं बघूनच छापत आसत्याल. आपलंच डोळं म्हातारं झालं."

आनंदरावांचं हसू मावळलं. त्यांना बाबापेक्षा स्वतःची लाज जास्त वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

पुढच्या अंकात पहिल्या पानावर, लग्नपत्रिकेसाठी ठेवलेल्या मोठ्या टाइपात मजकूर जुळला: "पासलीच्या महाराजांची बातमी आम्ही न पाहता छापली. ती खोटी होती. लाल पाणी म्हणजे हळद आणि चुना. क्षयावर औषध दवाखान्यात मिळतं, ते मध्येच सोडू नका. वाचकहो, छापलं आहे एवढ्यावर कशावरही विश्वास ठेवू नका, आमच्यावरसुद्धा. कुणी पाहिलं, कसं पाहिलं, हे विचारा. आम्ही उत्तर देणं लागतो."

सकाळीच इंजेक्शन घेऊन आलेला कोंडिबा दंड चोळत यंत्रापाशी उभा राहिला. इब्राहीमभाईंनी मजकूर वाचून दाखवला, तरी त्यानं चाकाला हात लावला नाही.

"मालक, हे तरी बघून लिवलंय न्हवं?"

"बघून लिहिलंय, कोंडिबा."

"मग फिरवतो," कोंडिबा म्हणाला.