पिंपळ बुरजाआड

जयगडाच्या दरवाजासमोर गाडी उभी होती आणि मागचं दार आतून काही केल्या उघडेना. बाबांचा डावा हात माझ्या गुडघ्यावर दोनदा थापटून गेला. उजवं अंग गेल्यापासून, म्हणजे अडीच वर्षं, ही आमची भाषा. एक थाप पाणी, दोन थापा लघवी.

"जरा कळ काढा बाबा," म्हणत मी साडी खोचली आणि दोन सीटांच्या फटीतून पुढे घुसले. पन्नाशीची बाई गिअरवरून तंगडी टाकून पुढच्या दारानं बाहेर पडतेय, हे बघायला गडावर आलेले चार लोक थांबले. बघा म्हटलं, फुकट आहे. बाहेरून बाबांचं दार उघडेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी पिशवीतून दुसरी लुंगी काढली.

सर्वेश माझा धाकटा भाऊ. ठाण्याहून नवी गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "ताये, बाबांना गड दाखवूया. डोंगरावरचे गाव दाखवूया. घरात कोंडल्यासारखं व्हतं गो त्यांना." घरात आणखी कोण कोंडलंय, ते त्यानं विचारलं नाही.

तो, त्याची बायको भाविका आणि त्यांची सहा वर्षांची राही गडावरून हसत खाली आली. मी दाराचं सांगितलं.

"राहीसाठी चाइल्ड लॉक लावलंय ओ ताई," भाविका म्हणाली. "चालत्या गाडीत दार उघडते ती."

"मग आता काढ की."

"हो, काढू या," म्हणाली आणि राहीला बिस्किटं द्यायला लागली.

दोन दिवसांत मी काय बघितलं म्हणाल, तर काच बघितली. गोपाळगड काचेतून. डोंगरावरच्या वाड्यांमधले लोक काचेतून. कोणी कोकमाचं सरबत दिलं तेही काच खाली करून घेतलं. तवसाळच्या फेरीबोटीत गाडी चढली, सगळे कठड्याशी वारा खात उभे राहिले आणि मी बाबांना धरून गाडीतच. माझा सगळा जीव तिसऱ्या गडात होता.

तो आमच्या खाडीपलीकडचा. त्याचा बुरूज आमच्या अंगणातून रोज दिसतो, पण गाडीरस्त्यानं वळसा वीस किलोमीटरचा. बाबा रघू तांडेल, तीस वर्षं होडी घेऊन आत-बाहेर केलेला माणूस. लहान असताना मला सांगायचे, "बुरजाच्या मागं पिंपळ हाय. येताना तो बुरजाआड गेला की सुकाणू डावीकडं. मग पाण्याखालचं खडप चुकतं." त्या खडपानं दोन होड्या फोडल्यात. मी हट्ट करायचे, मला न्या, मला दाखवा. पण पिंपळ दिसायला समुद्रात जावं लागतं आणि आमच्यात बाईमाणूस मासेमारीच्या होडीत पाय ठेवत नाही. मी जेटीवर टोपली घेऊन उभी राहिले. मग आई गेली, सर्वेशला मोठं केलं, मग बाबा पडले. मनात एवढंच राहिलं होतं की एकदा त्या बुरजावर उभं राहायचं. समुद्रातून नाही तर नाही, वरून तरी बघायचं. बाबांना आता गाडीत बसवणंही जड जात होतं, म्हणजे पुन्हा ही संधी कुठली.

गडाखाली गाडी थांबली तशी मी म्हटलं, "सर्वेश, हितं तू बस. मी जातंय वर."

"ताये, चढ हाय. तुझं गुडघं..."

"माझं गुडघं माझ्याजवळ हायत. अर्धा तास बस बाबांजवळ."

तो भाविकाकडे बघायला लागला. बाबांनी माझा पदर धरला. त्यांच्या तोंडून महिन्यात चार शब्द येतात. "पिं... पळ," म्हणाले.

"बघून येतंय," मी म्हटलं. सर्वेशनं उतरून माझ्यासाठी दार उघडलं.

पायऱ्या निम्म्या ढासळलेल्या. हातापायांवर चढले म्हणा ना. बुरजावर पोचले तर वाऱ्यानं पदर डोक्यावरून उडवला. मी तो तसाच उडू दिला. खाली खाडीचं तोंड, जेटी, आणि माडांत आमचं कौलारू घर. अंगठा धरला तर त्याखाली सगळं झाकलं जात होतं, माझी पन्नास वर्षं धरून. मला रडू आलं आणि बरंही वाटलं.

फोन वाजला. "ताये, बाबा हात आपटतायत. काय पायजे कळत नाय."

"किती थापा?"

"थापा म्हंजे?"

"मोज रे."

"एक... थांबले. परत एक."

"पाणी पायजे. डोकं जरा पुढं कर, मग पाज. ठसका लागंल."

"तू ये ना गो खाली. माझ्यानं होत नाय."

अर्ध्या तासातली दहा मिनिटं झाली होती. मी मागे वळले, पिंपळ बघायला. तिथे एक खोडका होता, कमरेएवढा, वरून काळा पडलेला. वादळात गेला असावा. कोणी सांगितलं नाही. आता होडीहोडीवर जीपीएस, पिंपळ हवाय कोणाला. मी खोडक्यावर हात ठेवला आणि उतरायला लागले.

गाडीशी आले तर सर्वेशचा शर्ट पाण्यानं भिजलेला. तो पुढे जाऊन बसला. मी बाबांच्या शेजारी शिरले, दार ओढलं, ते खट्‌कन बसलं. राही पलीकडून चढली.

बाबा माझ्याकडे बघत होते. "पिंपळ?"

"हाय बाबा," मी म्हटलं. "चांगला डवरलाय. बुरजाआडच हाय."

गाडी सुरू झाली. बाबांनी डोळे मिटले. माझ्या गुडघ्यावरचा त्यांचा हात या वेळी थापटला नाही. बोटं मिटली, मूठ झाली, आणि ती मूठ हळूहळू डावीकडे वळली.