मढच्या समुद्रातली अर्धी शिट्टी

मी एक जुना माइक आहे. सभेत किंवा लग्नात मिरवणारा नव्हे, पाण्यात बुडणारा. अंधेरीतल्या एका घराच्या माळ्यावर, पत्र्याच्या डब्यात, स्वतःचीच वायर अंगाभोवती गुंडाळून मी पडलो आहे. मित्रांनो, मला कान दिला गेला, तोंड दिले गेले नाही. माझे सारे दुःख एवढेच आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या अनंतने एका पातळ पितळी चकतीला तारा जोडल्या, वर मेण ओतले आणि सायकलच्या ट्यूबचे रबर घट्ट आवळले.

"ताई, बादलीत तर चालतोय," तो बहिणीला म्हणाला, "समुद्राचं मला विचारू नकोस."

ती बहीण म्हणजे मृणालिनी. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवीत असे. डॉल्फिन एकमेकांशी काय बोलतात, हे तिला ऐकायचे होते.

सुट्टीच्या दिवशी आम्ही वर्सोव्याहून चंदर कोळ्याच्या होडीतून मढच्या बाजूला जात असू. चंदर जाळे टाकी, इंजिन बंद करी आणि मी पाण्यात उतरे. वरून मुका दिसणारा तो समुद्र आत किती बोलका होता! मोहरी तडतडावी तशी कोळंबी तडतडे. मग दुरून शिट्ट्या येत. प्रत्येक डॉल्फिनची शिट्टी वेगळी, जणू त्याचे नावच, असे मृणालिनीला वाटू लागले होते. त्यांत एक पिल्लू होते. त्याची शिट्टी वर चढे आणि मध्येच तुटे.

"ह्याला पुरतं नाव पन घेता येत नाय," कानाला हेडफोन लावून चंदर हसे. "येडा हाय गो बाय, माझ्या धाकट्यासारखा!"

ते माझे सुखाचे दिवस होते. १९८६ च्या हिवाळ्यातल्या एका सकाळी ते संपले.

त्या सकाळी ती अर्धी शिट्टी फार जवळून आली. एकदा, पुन्हा, पुन्हा. मध्ये श्वासाचीही जागा नव्हती. मृणालिनीचा चेहरा उजळला. होडीतल्या टेपरेकॉर्डरची टेप फिरू लागली.

"बाय, जाल्याचा तरंगता बोया हलतोय बघ," चंदर म्हणाला. "मोठी घोल लागली वाटतं. जालं वडतो."

"चंदरदादा, थोडं थांब ना! असा आवाज आजवर मिळाला नाही. इंजिन लावलंस की सगळं बुडेल."

"आनि घोल पलाली तर? घरी बायकोला, पार्वतीला काय सांगू, मासा गानं ऐकून गेला?"

"माझं नाव सांग तिला."

तो हसला आणि थांबला. दोघेही भले होते, मित्रांनो. मला मात्र त्या आवाजातली धडपड कळत होती. शिट्टीबरोबर दोऱ्यांचे ओढले जाणेही मला ऐकू येत होते. मी सारे वर पोहोचवले. वर ते फक्त सुंदर वाटले.

मग शिट्टी थांबली. "गेलं वाटतं," मृणालिनी समाधानाने म्हणाली.

चंदरने जाळे ओढले. त्यात घोळ मासा नव्हता. एक करडे, गुळगुळीत पिल्लू होते. हवेसाठी त्याला वर यायचे होते. ते येऊ शकले नव्हते.

"बाय," चंदरने हळूच विचारले, "मघाचा आवाज... ह्याचाच काय?"

मी अजून पाण्यातच होतो आणि मृणालिनीच्या कानाला हेडफोन होते. तेवढ्यात तीच अर्धी शिट्टी पुन्हा आली, पण जाड, मोठ्या आवाजात. आई पिल्लाला त्याच्याच नावाने हाक मारीत होती. मृणालिनीने हेडफोन काढून ठेवले. मला माझा कान काढता येत नव्हता.

पुढे बांद्र्याच्या एका सभागृहात ती टेप वाजली. "किती गोड!" लोक म्हणाले. टाळ्या पडल्या. खरे काय ते सांगायला मृणालिनी उभी राहिली आणि तशीच खाली बसली. त्यानंतर तिने मला कधी पाण्यात सोडले नाही. आता माझे रबर तडकले आहे, चकती हिरवी पडली आहे.

मित्रांनो, तुमच्याजवळही कुणीतरी तोच तोच आवाज काढीत असेल. तो गोड आहे की कर्कश, हे नंतर ठरवा. आधी उठून जाळे वर ओढा.

मढच्या पाण्यात ती आई अजून हाक मारते की थकली, मला ठाऊक नाही. या डब्यात समुद्र ऐकू येत नाही.