उलट्या अंगाचा ग

टीपमावशीचं खरं नाव तिच्या निम्म्या गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं. शिलाई मशीनवर तिच्यासारखी सरळ, बारीक टीप कुणी घालत नसे, म्हणून ती टीपमावशी. जिन्याखालच्या एका खोलीत तिचं दुकान होतं. मशीन, कापायचं लांब टेबल आणि खिळ्यांवर टांगलेले खाकी कागदाचे साचे एवढं मांडलं, की खोलीत गिऱ्हाइकाने उभं राहायचं ते अंग चोरूनच.

तिची सख्खी भाची पलीकडच्या गल्लीत बालवर्गाला शिकवायची. नोकरी लागून जेमतेम तीन महिने झालेले. एका दुपारी ती तोंड पाडून दुकानात आली. शाळेचं झेरॉक्स मशीन बंद पडलं होतं. मुलांना गिरवायला ठिपक्यांची अक्षरं लागतात आणि वीस जणांसाठी रोज हाताने ठिपके काढता काढता तिच्या नाकी नऊ आले होते. त्यात वर्गात एक भिंगरी होती. घरच्यांनीच ठेवलेलं नाव, आणि अगदी शोभणारं. पेन्सिल हातात दिली, की ही टेबलाखाली तरी नाहीतर खिडकीत तरी.

मावशीचे कान भाचीकडे होते आणि हात कोटाच्या बाहीवर. खुणा करायचं दातेरी चाक ती साच्यावरून फिरवत होती आणि चाकामागे कागदावर ठिपक्यांची ओळ उमटत होती. भाची बोलता बोलता थांबली. दोघींनी एकदमच त्या ओळीकडे पाहिलं.

संध्याकाळपर्यंत कोट बाजूला पडला. खाली घोंगडी अंथरून, चार चार कागद एकावर एक ठेवून मावशीने चाक फिरवलं. ग, म, न, ठ. भाची गठ्ठा छातीशी धरून गेली आणि मावशीला उगाचच आपण शाळा काढल्यासारखं वाटलं.

आठ दिवसांनी भाची परत आली ती वह्यांची चळत घेऊन. तिने एक वही उघडली. ग होता, पण काना डावीकडे आणि पोट उजवीकडे. दुसऱ्या वहीत तेच. म उलटा, न उलटा. ठ तेवढा बिचारा दोन्हीकडून सारखा म्हणून वाचला होता. एका मुलाचे वडील विचारून गेले होते, की अक्षरं रुसली आहेत का, सगळी पाठ फिरवून बसलेली दिसतात. मोठ्या बाईंनी तर परवापासून हे कागद बंद असं बजावलं होतं.

मावशीला रात्रभर चैन पडलं नाही. सकाळी ती दुकान न उघडता थेट वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसली. कागद वाटले गेले. भिंगरीने आपला कागद घेतला, झटकन पालथा केला आणि मागून वर आलेल्या ठिपक्यांवरून बोट फिरवू लागली. तिचं पाहून शेजारच्याने कागद पालथा केला, मग त्याच्या शेजारच्याने.

"अगं, उलट्या बाजूने का?" मावशीने विचारलं.

"त्या बाजूला नुसती भोकं आहेत," भिंगरी म्हणाली. "इथे गुदगुल्या होतात."

मावशीने स्वतः बोट फिरवून पाहिलं. पोरीचं खरं होतं. भाचीकडे वळून ती म्हणाली, "चूक माझी. तीस वर्षं कापडाच्या उलट्या अंगाला खुणा करत आले, आणि इथेच कशी विसरले."

मोठ्या बाईंकडे जाऊन तिने दोन दिवस मागून घेतले. मग दुकानाच्या काचेला कागद लावून, उजेडात पलीकडून दिसणारं अक्षर तिने पाठीमागे उतरवलं आणि चाक त्या पाठीवरून फिरवलं. आता फुगलेले ठिपके सुलट बाजूला आले. अक्षर कुठून सुरू करायचं ते कळावं म्हणून तिथे एकेक बारकं बटण शिवलं. भोकांच्या बाजूला कापड चिकटवून टाकलं, म्हणजे पालथं करायला काही उरलंच नाही.

पोरं आधी जरा गोंधळली. पण बोटाला गुदगुल्या मिळाल्याशी कारण. बटणापासून निघायचं, वळण घ्यायचं, खाली यायचं. बोटाने गिरवून झालं, की तेच वहीत. आठवडाभरात ग ने तोंड फिरवलं, मागोमाग म आणि न. मोठ्या बाई पाहून गेल्या आणि अंकांचेही कागद मिळतील का, असं भाचीजवळ हळूच विचारून गेल्या.

त्या शनिवारी भिंगरी आईचा हात सोडवून दुकानात शिरली. तिच्या नावातला भ वर्गात अजून यायचा होता आणि तिला थांबायचं नव्हतं. मावशीने मशीन थांबवलं. गिऱ्हाइकाला थांबायला सांगून तिने भ काढला, चाक फिरवलं, लाल बटण शिवलं.

भिंगरी स्टुलावर बसली आणि डोळे मिटून बोट फिरवू लागली. एकदा, दोनदा, पाचदा. आई दारात तिष्ठत उभी. इतका वेळ ही पोरगी एका जागी बसलेली तिने पाहिली नव्हती, म्हणून हाक मारायचा तिला धीर होईना.

"अजून एकदा," भिंगरी डोळे न उघडता म्हणाली. "मधेच वाट चुकते."

"चुकू दे," मावशी म्हणाली आणि गिऱ्हाइकाच्या पॅंटची उंची मोजायला उठली.