बोटभर हललेला कॅरिअर

मी एक जुना कॅरिअर आहे, मित्रांनो; पण सायकलचा नव्हे आणि मोठ्या गाडीच्या टपावरचाही नव्हे. जेमतेम दोन माणसं मावतील अशा एका बुटक्या, लाल स्पोर्ट्स कारच्या डिकीवर मी बसतो. माझ्यापायी एका बाईंचा हात मोडला. तेव्हापासून गल्लीतला जो तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "हाच तो." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. म्हणून माझं ऐकून घ्या.

एका लहानशा कारखान्यात लोखंडी नळ्या वाकवून, जोडून, वर चकचकीत मुलामा देऊन मला बनवलं. मला चार रबरी पाय आहेत आणि चार आकडे आहेत. आकडे डिकीच्या झाकणाच्या काठाखाली अडकवायचे आणि नट आवळायचे. मग पाय झाकणावर दाबून बसतात आणि आकडे त्यांना सुटू देत नाहीत. माझं काम एवढंच, पण ते अर्धवट केलेलं चालत नाही.

मला पहिल्यांदा बसवलं ते एका म्हाताऱ्या फिटरने. गाडीचा मालक नकाशे काढणारा माणूस होता. कागदावर एक ठिपका पडला तरी त्याला झोप लागत नसे, आणि गाडीचा लाल रंग तर तो तळहातावरच्या फोडासारखा जपायचा. फिटरने आधी स्पिरिटचं फडकं घेऊन झाकण पुसायला सुरुवात केली, तेव्हा मालक कळवळला.

"अहो, सगळं पॉलिश जातंय!"

"जाऊ द्या साहेब. गुळगुळीत जागेवर माणसाचा पाय घसरतो, याचा नाही घसरणार?"

फिटरने समोरासमोरचे नट थोडे थोडे करत आवळले. मग मला दोन्ही हातांनी धरून असा हिसडा दिला, की अख्खी गाडी डुलली. "गाडी हलली पाहिजे, एकटा कॅरिअर नाही," तो म्हणाला. "आता फिरून या. रबर दबलं की नट परत आवळायचे." मालक फिरून आला, आणि खरोखरच प्रत्येक नट आणखी अर्धा आटा फिरला.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. मालकाची बायको पोहायला शिकवायची. सुट्टी लागली की दोघं दूरच्या एका तळ्यावर जायचे. माझ्यावर दोन मोठ्या बॅगा असायच्या आणि खाली एवढीशी गाडी. नाकापेक्षा मोती जड, असं म्हणून लोक हसायचे. ती म्हणायची, "हसू द्या. मोती पडत नाही ना?" हे ऐकून माझी छाती फुगायची. लोखंडाची असली तरी छाती ती छातीच.

पुढे तिच्या मणक्याला आजार झाला आणि तिचे पाय गेले. घरात चाकांची खुर्ची आली. मला काढून गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे खिळ्याला अडकवलं. दोन वर्षं माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. माझे रबरी पाय कडक झाले, त्यांना चिरा पडल्या. मला वाईट वाटायचं, पण तक्रार कुणाकडे करणार? ती स्वतःच दोन वर्षं फाटकाबाहेर पडली नव्हती.

एका सकाळी ती गॅरेजच्या दारात खुर्ची थांबवून म्हणाली, "उद्या तळ्यावर जाऊ या."

मालक हातातलं काम टाकून तिच्याकडे बघतच राहिला.

"पण खुर्ची बरोबर हवी हं," ती म्हणाली. "ती नसली की मी माणूस राहत नाही, सामान होते. उचला, ठेवा."

तेव्हा त्याने मला खिळ्यावरून काढलं. आनंदाच्या भरात आधी त्याने काय केलं असेल, तर सगळी गाडी मेण लावून आरशासारखी घासली, डिकीचं झाकणसुद्धा. मग माझे रबरी पाय पाहिले, तर ते हातात चुरा होऊन आले. नवे मागवायला चार दिवस लागणार होते. फिटरने तर केव्हाच काम सोडलं होतं. चार दिवसांत हिचं मन बदललं तर? त्याने जुन्या फ्लॅनेलच्या पांघरुणाचे तुकडे कापले, चौपदरी घड्या घातल्या आणि माझ्या पायांखाली सरकवल्या. रंगाला ओरखडा नको, हाही विचार होताच. घासलेल्या मेणावर मऊ फ्लॅनेल! मित्रांनो, मी ओरडलो असतो, पण आम्हांला तोंड नसतं.

त्याने नट आवळले. मला धरून हलवलं, तेही हळूच, झाकणाला पोचा पडेल म्हणून. मी हललो, बोटभर. त्याच्या हाताला ते कळलं. मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्याचा हात थबकला.

"हलतंय का हो?" तिने विचारलं.

"नाही गं, घट्ट आहे."

दुसऱ्या दिवशी खुर्ची घडी करून माझ्यावर बांधली. पट्टे चांगले होते. खुर्चीने मला सोडलं नाही, मीच गाडीला सोडलं. पहिल्या दोन-तीन वळणांनंतर फ्लॅनेल सरकू लागलं. माझा जीव टांगणीला लागला. मी कुरकुरलो, तर मालक म्हणाला, "रस्ता खराब आहे."

"अहो, थांबवा ना. खुर्ची तिरकी दिसतेय आरशात."

"पुढचं वळण गेलं की थांबतो. इथे जागा नाही."

त्या वळणावर माझे आकडे निसटले. मी खुर्चीसकट रस्त्यावर आपटलो. मागून शिवणकाम करणाऱ्या एक बाई सायकलवरून येत होत्या. त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं होतं. त्यांनी आम्हांला चुकवायला सायकल वळवली आणि त्या उजव्या मनगटावर पडल्या. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो मला विसरता येत नाही.

मालक धावला. त्याची बायको गाडीतच राहिली. तिने आयुष्यात कितीतरी जणांना पाण्यातून बाहेर ओढलं होतं, आणि दहा पावलांवर विव्हळणारी बाई तिला आरशातच बघावी लागली. खुर्चीचं एक चाक वाकून माझ्याखाली अडकलं होतं. "मला कुणीतरी तिकडे न्या हो," असं ती म्हणत राहिली, पण त्या गडबडीत कुणाचं लक्ष नव्हतं.

नंतर मालक सगळ्यांना सांगू लागला, "कॅरिअर जुना होता. ऐनवेळी दगा दिला." शेजाऱ्यांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, बायकोलाही सांगितलं.  ती मात्र पुन्हा गाडीत बसली नाही.

महिना गेला. खुर्चीचं चाक सरळ झालं, माझे नवे रबरी पाय आले. त्याने झाकण स्पिरिटने कोरडं केलं, मला बसवलं आणि बायकोला बोलावलं. तिने खुर्ची माझ्यामागे आणून ब्रेक लावले, मला दोन्ही हातांनी धरलं आणि सगळं बळ लावून ओढलं. पोहणारीचे हात होते ते.

"अजून थोडं आवळा."

त्याने आवळलं. तिने पुन्हा ओढलं. गाडी पुढेमागे झाली.

"आता त्या बाईंकडे जायचं," ती म्हणाली. "त्यांना काय सांगणार आहात?"

"सांगू की, कॅरिअर जुना..."

 तिने माझ्यावरचे हात काढले नाहीत. त्याने पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. शेवटी खाली बघत म्हणाला, "बोटभर हलत होता. मला कळलं होतं. तू जायचं रद्द करशील म्हणून बोललो नाही."

"मी रद्द केलं असतं," ती म्हणाली. "चार दिवसांनी गेलो असतो."

त्या दिवशी मी खुर्ची त्या बाईंच्या दारापर्यंत सुखरूप नेली. मालकाने उंबऱ्याबाहेरच उभं राहून सगळं सांगितलं, माझ्यावर खापर न फोडता. बाईंच्या हाताला अजून प्लास्टर होतं. त्या "असू द्या" म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बोटं अजून सुई धरत नाहीत," आणि दार लोटून घेतलं.

मित्रांनो, आम्हां वस्तूंना जपा. आमचे नट आवळा, झिजलेलं रबर वेळेवर बदला. पण आम्ही हललो, तर 'हललं' म्हणा. आम्हांला तोंड नाही, म्हणून ते तुम्हांलाच बोलावं लागतं.