वाऱ्याची सुट्टी

आश्विनातल्या त्या सकाळी खारघरच्या आमच्या गॅलरीत वाळत घातलेली चादर एकाएकी फुगली, शिडासारखी ताणली, आणि कोवळं ऊन तिच्या चुण्यांतून थरथरत धावलं. मी हातातला चहा ठेवला आणि लेकीला फोन लावला. वारा सुटला की प्राजू मोकळी असते. पण फोन उचलला तिच्या जोडीला काम करणाऱ्या संभाने.

"ताई वर पंख्यात हायत, काका. फोन गाडीत ठिवून गेल्यात."

"अरे, एवढ्या वाऱ्यात वर कशी?"

"वारा? हितं गवताचं पातं हलंना."

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. चादरीच्या खालीच शेजाऱ्यांच्या एसीचा बाहेरचा डबा घरघरत होता. बेलापूरच्या कचेरीत उभी हयात फायलींवर शेरे मारणाऱ्या मला एसीचा श्वास आणि सह्याद्रीचा वारा यांतला फरक कळू नये, यावर मात्र कसलाच शेरा सुचला नाही.

प्राजू साताऱ्याकडच्या पठारावर पवनचक्क्यांची टेक्निशियन म्हणून लागली, ती ज्येष्ठात. पंख्याखाली बसायची एक नोकरी मी तिच्यासाठी इथे जवळजवळ ठरवून ठेवली होती. तिने पंख्यावर चढायची पत्करली. ज्या डोंगरावरून मी पोटासाठी खाली उतरलो, त्याच डोंगरावर ती पोटासाठी चढली, आणि मी, जो पडदा बदलायला स्टुलावर उभा राहिलो तरी बायकोला स्टूल धरायला बोलावतो, तो तिच्या उंचीचा हिशेब मनातल्या मनातही मांडू शकलो नाही.

वारा फार झाला की टॉवरवर चढायचं नाही, असा तिथला नियम. त्यामुळे आषाढ-श्रावणात पठारावर वारा घोंघावत असे तेव्हा तिला खाली बसून राहावं लागे, आणि तिचा आवाज आमच्या घरभर नांदत असे. त्या आवाजामागे वाऱ्याचा एक अखंड, गंभीर घुमारा असायचा, जणू तंबोरा लावून कुणी साध्या जेवणाखाण्याच्या गोष्टी सांगत बसलं आहे. भाद्रपद सरला, वारा निवला, दुरुस्तीचे दिवस आले आणि फोन विरळ झाले. जन्मभर धुळीच्या भीतीने खिडक्या लावून घेणारा मी आता वाऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसू लागलो.

मला प्राजू आठवते ती चेहऱ्याने नव्हे, हातांनी. दुसरं काही घट्ट धरल्याशिवाय हातातलं सोडायचं नाही, ही त्या हातांची लहानपणापासूनची रीत. शाळेच्या फाटकाशी मैत्रिणीचा हात मिळेपर्यंत माझं बोट सुटत नसे. आणि एकदा सुटलं की ती मागे वळून पाहत नसे. आता टॉवरवर चढताना तिच्या पट्ट्याला दोन हूक असतात. एक अडकवल्याशिवाय दुसरा काढायचा नाही, हे तिला म्हणे वेगळं शिकवावंच लागलं नाही.

चादर तिच्याच पलंगावरची. कुणी झोपत नसताना सुमन, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, ती दर आठवड्याला धुतात. कशाला, असं विचारलं तर म्हणतात, "धूळ बसते."

संध्याकाळी प्राजूचा फोन आला, तो मी स्पीकरवर टाकला. सुमन समोर मेथी निवडत होती.

"बाबा, सकाळी काय होतं?"

"काही नाही गं. वारा सुटल्यासारखं वाटलं."

"खारघरला? ऑक्टोबर हीटमध्ये?" ती हसली, मग म्हणाली, "मला कायम करतायत इथे. नाही म्हटलं तर महिनाअखेरीला घरी येते. काय सांगू त्यांना?"

सुमनच्या हातातली काडी तशीच राहिली. 'ये' हा एवढासा शब्द मी कित्येक दिवस जिभेखाली खडीसाखरेसारखा जपला होता. प्राजूच्या आवाजामागे आज वारा नव्हता. त्या पोकळीत फक्त रातकिडे होते.

"वरून काय दिसतं गं तुला?" मी विचारलं.

"कधीकधी ढग खाली दिसतात. आणि बाबा, आपल्या गावचा ओढा दिसतो. तुम्ही पोहायचात तो. वर गेले की मी आधी तोच शोधते."

"मग हो म्हण," मी म्हणालो. शब्द माझाच होता, पण आवाज अनोळखी वाटला.

फोन ठेवल्यावर मी गॅलरीत गेलो. डोंगरावरचा उजेड विझत आला होता, आणि चादर त्या उसन्या वाऱ्यावर अजून हलत होती; जणू कुणी नुकतंच उठून गेलं आहे, किंवा आता येऊन निजणार आहे. फसवणूक नको म्हणून मी ती आतल्या दांडीवर घ्यायला हात वर केला.

"राहू द्या तिथंच," मागून सुमन म्हणाली. "तो एसीचा वारा आहे, मला पहिल्यापासून माहितीये. ती हलताना दिसावी म्हणूनच मी तिथं घालते."