डमीचा चेहरा

ब्रिजमध्ये बोली ठरली की ती जिंकणाऱ्याच्या भिडूने आपले पत्ते टेबलावर उघडे मांडायचे आणि गप्प बसायचं. त्याला डमी म्हणतात. हाताची घडी, तोंडावर बोट. घरात माझ्या तोंडाला आजवर कोणी कुलूप लावू शकलेलं नाही. क्लबात मात्र दर रविवारी माझे सासरे ते लावायचे.

सासरे, म्हणजे आमचे बाबा, वजनमापांचे निरीक्षक होते. निवृत्त झाले तरी भाजीवाल्याचा काटा नजरेने तपासायचे. हल्ली मात्र चहा झाला की नाही तेच विसरत. मध्यंतरी घराचा रस्ताही चुकले. नवऱ्याने बजावलं होतं, पत्त्यांत घोटाळा झाला की क्लब बंद. बाबांना दुसरा विरंगुळा तरी काय होता?

त्या रविवारी त्यांनी सात बदामची बोली लावली. बदाम हुकूम, आणि तेराच्या तेरा हात आम्हीच जिंकायचे. एक गेला की सगळंच गेलं. विरुद्ध जोडी दातांची डॉक्टर आणि औषधांचे दुकानदार. पत्ते असे आले होते की झोपेतही जमावं. त्यांच्याकडचे चार हुकूम तेवढे आधी काढून घ्यायचे.

बाबांनी एक्का खेळला, राजा खेळला. तीन हुकूम पडले, डॉक्टरकडे एक सत्ती उरली. आणि बाबांचं बोट चौकटच्या पत्त्यावर गेलं. चौकट खेळत बसले असते तर त्या सत्तीने आमचा एखादा पत्ता कापलाच असता. मी जीभ दाताखाली धरली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चौकट मागे सारली आणि बदामची राणी टाकली. सत्ती पडली. बाकीचे हात पटापट आले.

दुकानदारांनी अभिनंदनाला हात पुढे केला, तर बाबा म्हणाले, हा डाव आमचा धरू नका. पत्ते गोळा करून ते उठले.

जिन्यात मी चिडलेच. मी एक अक्षर तरी बोलले का, असं विचारलं.

"तोंड बंद होतं गं तुझं. चेहरा नव्हता," बाबा म्हणाले. "ती सत्ती मला आठवतच नव्हती. तुझ्याकडे बघून कळलं."

कोणाला कळणार आहे, मी म्हटलं. घरी सांगायचं कशाला?

"काटा खोटा आहे हे कळल्यावर मी दुकान चालू ठेवू दिलं असतं का? पुढच्या रविवारी तुझ्यासाठी दुसरा भिडू बघ."

मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. कोपऱ्यावर बाबा थांबले. दोन्ही रस्ते बघितले आणि मग माझ्याकडे. इथे डमीला बोलायची मनाई नव्हती.

"डावीकडे, बाबा," मी म्हटलं.