भीमेची साक्ष टिपणारा माईक

मी एक जुना माईक आहे. मित्रांनो, माझ्या झिजलेल्या जाळीला हसू नका. तिच्यावर असंख्य मान्यवरांनी टिचक्या मारल्या आहेत. दौंडच्या एका ऑर्केस्ट्राने मला नवाकोरा विकत घेतला आणि पुढे अनेक वर्षे मी लग्ने, वाढदिवस व उद्घाटने सोसली. ‘आवाज लई खणखणीत’ अशी माझी स्तुती होई. त्या आवाजात सांगितले काय जाते, हे कोणी विचारत नसे.

त्या ऑर्केस्ट्रात करिश्मा गात असे. दुसऱ्यांची गाणी दुसऱ्यांच्या आवाजात गाण्याचा वीट आल्यावर ती बाहेर पडली. निघताना तिने मालकाकडून मला मागून घेतले. तिचा स्वतःचा पहिला अल्बम, ‘भीमेची साक्ष’, म्हणजे एक रॉक नाटकच होते. नदी न्यायालयात उभी राहते आणि आपल्या पात्रातून गेलेल्या वाळूबद्दल जबाब देते. सारी गाणी सलग, टाळ्यांसाठीही न थांबता, तळेगाव ढमढेऱ्याच्या एका मंगल कार्यालयात प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित व्हायची होती. वादक पुण्याहून त्या एका संध्याकाळपुरतेच आले होते. बिघडले, तर अल्बम नाही.

शेवटच्या गाण्याआधी करिश्माच न्यायाधीशाच्या आवाजात विचारते, “वाळू कोणी नेली?” आणि नदी गप्प होते. गिटार थांबते, ड्रम थांबतो. ती शांतता करिश्माने गाण्याइतक्याच कष्टाने रचली होती. 

आमच्याकडे शांततेचा अर्थ एकच: सत्काराची वेळ झाली. कार्यालयाचे मालक हरिबा आप्पा शाल-नारळ घेऊन मंचावर चढले, कारण वाळूचे ठेकेदार मारुतराव नुकतेच पहिल्या रांगेत येऊन बसले होते.

“पोरी, माईक दे. पावणं आल्यात.”

करिश्माने मला सोडले नाही. तिने न्यायाधीशाचा आवाज काढला. “साक्षीदार, नाव सांगा.”

माईक समोर दिसला की आप्पांना राहवत नसे. “हरिबा... माजी उपसरपंच, सोसायटीचा चेअरमन...”

“वाळू कोणी नेली?”

“सांगा की आप्पा, कोर्टात हाय तुम्ही!” मागून कोणीतरी ओरडले. हशा पिकला. आप्पाही हसले.

“आता मारुतरावांनी नेली म्हंजी काय चोरून न्हाई! समद्या गावादेखत नेली की. ह्या कार्यालयाला बी तीच हाय.”

हशा थांबला. मारुतराव उठले. त्यांच्यामागे अख्खी रांग उठली, मग तिच्या मागची. खुर्च्या सरकत राहिल्या. मी तो आवाज जसाच्या तसा पकडला.  करिश्माने वादकांकडे पाहून मान हलवली आणि शेवटचे गाणे अर्ध्या रिकाम्या सभागृहासमोर पूर्ण केले.

“आप्पांचं काढून टाकू का गं?” ध्वनिमुद्रण करणाऱ्या स्नेहलने विचारले.

“न्हाई. खुर्च्या बी राहू दे.”

अल्बम तसाच निघाला. तळेगावात तो मोठ्याने कोणी लावत नाही. इअरफोन घालून मात्र पुष्कळ जण ऐकतात.

मित्रांनो, मला ओलीत ठेवू नये, माझी वायर ओढू नये, हे तुम्हांला कोणीही सांगेल. माझी विनंती निराळी आहे. गाणारा थांबला, की लगेच मंचावर चढू नका. त्याचे म्हणणे अजून संपलेले नसते. आणि चढलातच, तर एवढे ध्यानात असू द्या, की मी चालू असतो.